बाराशे वॅटचा डबा आणि माझे २२,७५० रुपये

आकडा आधीच सांगतो, म्हणजे "जाऊ द्या हो, थोडक्यात सुटलात" म्हणणाऱ्यांना इथूनच परत जाता येईल. मोटारसायकलवर गाणी ऐकायला स्पीकर आणि ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, बसवून घेतला. त्याचे दुकानात दिले २२,७५०. मग नवी बॅटरी १,९५० आणि जळलेल्या वायरिंगची दुरुस्ती ३,६००. एकूण २८,३००. एवढ्या पैशांत माझ्या हिमालयन मोटारसायकलवर आज काय आहे? हँडलला क्लॅम्पचे ओरखडे.

हेल्मेटमधला ब्लूटूथ का नाही घेतला, हे सगळ्यांनी विचारून झालंय. चष्म्याची काडी टोचते म्हणून नाही घेतला. शिवाय मागे बसलेल्या बायकोला त्यातून काय ऐकू येणार? पहाटे महेश्वरला किंवा मांडूला निघावं, वाटेत भीमसेनजींचे अभंग ऐकावेत, एवढीच हौस. इंदूरच्या राजवाड्यासमोर ढणढण वाजवत फिरायचं वय नाही माझं.

दुकान जुन्या बाजारातल्या गल्लीत. काउंटरवरचा तरुण माझं आडनाव ऐकताच मराठीत सुरू झाला. "काका, रामबागेतले का? माझी मावशी असते तिकडे." इंदूरच्या बाजारात कुणी असं घरचं मराठी बोललं की आपली घासाघीस बंद पडते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. साडेसहा इंची दोन वॉटरप्रूफ स्पीकर आणि चार चॅनेलचा ॲम्प, मिळून १८,५००. त्यातले ११,००० आगाऊ, कारण "माल दिल्लीहून मागवावा लागतो". गाडी घ्यायला गेलो तेव्हा उरलेले ७,५०० तर होतेच, वर क्लॅम्पचे २,४०० आणि वायर आणि रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) यांच्या किटचे १,८५०. म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, "काका, ते सगळ्यांना माहीत असतं."

काउंटरवर वाजवून दाखवलेला सेट खरोखरच उत्तम होता, हे मुद्दाम लिहितोय. वाजवायचा एक आणि डब्यातून द्यायचा दुसरा. जो सेट वाजताना ऐकलात तोच, तुमच्यासमोर, तुमच्या गाडीवर चढवून घ्या. गाडी रात्रभर ठेवून येऊ नका.

आता ती फ्यूजची गोष्ट. आजही आठवली की रात्री उठून बसतो.

बसवण्याआधी त्याने ॲम्प माझ्या हातात दिला होता. चांगला जड होता. वर मोठ्या सोनेरी अक्षरांत १२०० वॅट, आणि मागच्या बाजूला तारांच्या जोडणीशेजारी लाल रंगाचा चपटा फ्यूज, त्यावर १०. म्हणजे दहा अँपिअर. बारा व्होल्ट गुणिले दहा, १२० वॅट. गाडी चालू असताना चौदा व्होल्ट धरले तरी १४०. आत जाणारी वीजच १४० वॅट, तर बाहेर १२०० कुठून येणार? खरे १२०० काढायचे तर शंभर अँपिअर लागतील. मोटारसायकलची बॅटरी ते सतत देत राहू शकत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी विद्युत मंडळात नोकरी केलेला माणूस आहे. मी विचारलंही, "हा दहाचाच कसा?"

"काका, बाराशे ही पीक पॉवर. आरएमएस वेगळं असतं. आणि आत दुसरा फ्यूज आहे."

पीक म्हणजे क्षणभराची कमाल ताकद आणि आरएमएस म्हणजे सतत मिळणारी, ती वेगळी असतात हे खरंच आहे. डब्यावर फुगवलेला पीकचा आकडा छापायची चाल तर सगळीकडेच आहे. त्या खऱ्याच्या पोटात त्याने आपलं खोटं ढकललं आणि तेवढ्यात चहा आला. समोर सेट वाजतोय, माणूस मराठी बोलतोय, डबा सीलबंद आलाय, पैसे अर्ध्याहून जास्त देऊन झालेत. तुम्ही काय केलं असतं? हसणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगावं.

यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं. "घरमालकांचं खातं आहे, जीएसटीचं लफडं नको म्हणून." दुकानाचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, मग समोरचा सख्खा भाचा का असेना.

दुसऱ्याच सकाळी गाडी स्टार्ट होईना. फोन केला तर म्हणाला, "कंपनीची बॅटरी कमजोर असते, बदलून टाका." बदलली. ती टिकते न टिकते तोच खंडवा रोडला भेरूघाटात आधी खरखर, मग सीटखालून धूर. बायको दोन्ही हेल्मेट हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी, काही न बोलता. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

छावणीतल्या ओळखीच्या कारागिराने ॲम्प उघडला. तळाला लोखंडाची पट्टी चिकटवलेली, नुसती वजनासाठी. तळहातापेक्षा लहान बोर्डावर टीडीए ७२९७ नावाची एकच चिप. ती १५ अधिक १५ वॅटची असते. म्हणजे बाराशेच्या जागी तीस! स्पीकरवर वॉटरप्रूफचं स्टिकर आणि आत कागदी कोन, म्हणजे आवाज काढणारा पडदाच कागदाचा. वायर ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. रिले तर बसवलाच नव्हता. ॲम्प चालू-बंद करणारी रिमोटची तार किल्लीच्या लाइनवर न देता थेट बॅटरीला जोडलेली, त्यामुळे ॲम्प आणि त्याची ती निळी दिव्यांची पट्टी रात्रंदिवस चालू. बॅटरी उतरली ती याने. अशा गाड्यांची बॅटरी साधारण ८ अँपिअर-अवरची असते, ती किती पुरणार? आणि मुख्य तार टाकीखाली फ्रेमला घासून शॉर्ट झाली. ॲम्पच्या टोकाचा फ्यूज अशा वेळी काहीच वाचवत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, तरच तार वाचते. कुणाकडूनही बसवून घ्या, पण हे स्वतः डोळ्यांनी बघा.

सर्व्हिस सेंटरने कापलेली वायरिंग पाहून वॉरंटी नाकारली. त्यांच्याशी भांडण नाही, त्यांची अट लेखी होती.

भांडण पुढच्या लोकांशी आहे. दुकानाच्या हद्दीतलं ठाणं म्हणालं, तुम्ही राहता तिथल्या ठाण्यात जा. तिथले म्हणाले, दुकान आहे तिकडे जा. परत गेलो तर साहेब जेवायला. साहेब आले आणि म्हणाले, "ये तो कंज्यूमर का मामला है, हम क्या करें?" फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेजारचा हवालदार म्हणाला, "अंकल, गाड़ी पे डीजे लगाया है? पहले आपका ही चालान बना दें?" आणि सगळे हसले. अर्जाची पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी दुसऱ्याकडे. सायबरवाल्यांचं म्हणणं, ओटीपी गेला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत, आमच्याकडे बसत नाही. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग फोन आला, "आप संतुष्ट हैं?" मी नाही म्हणालो. संध्याकाळी मेसेज, "शिकायत का निराकरण कर दिया गया है." कोणाच्या बापाचं निराकरण? कर आम्ही भरायचे, रांगेत आम्ही उभं राहायचं आणि शेवटी चोरासारखं उत्तरही आम्हीच द्यायचं.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि बिलावरच्या पत्त्यावर कुलूपबंद गोदाम आहे. त्या बिलाचं मी नंतर नीट वाचन केलं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, यावर चौदाच. मध्य प्रदेशाचा क्रमांक २३ ने सुरू होतो, हा ०७ ने, म्हणजे दिल्लीचा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून मालकाचं नाव काउंटरवर उभ्या-उभ्याच बघता येतं. पैसे देण्याआधी बघा.

दुकानावर आता मोबाइल कव्हरचा बोर्ड लागलाय. काउंटर तोच, पोरगा दुसरा, आणि त्याला मराठी येत नाही.

०७ ने सुरू होणारं, चौदा अक्षरांचं असं बिल इंदूरमध्ये आणखी कुणाकडे असेल तर फाडू नका. खात्यावरचं नाव आणि पैसे पाठवल्याची तारीख लिहून ठेवा, ॲम्पचा डबाही जपा. एकाच दुकानाकडून नाडले गेलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. माझे कागद तयार आहेत, दुसरा माणूस हवाय.