रियाध की मस्कत? कुटुंबासह जायचे असेल तर

सौदीतले रियाध आणि ओमानातले मस्कत अशा दोन्हीकडच्या ऑफर हातात असलेली मंडळी पहिला प्रश्न पगाराचा विचारतात. साहजिक आहे. पण दोन्ही शहरांत राहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे: निर्णय घ्यायचा तो फॅमिली व्हिसावर येणाऱ्या माणसाचा दिवस डोळ्यांपुढे आणून. नोकरी करणाऱ्याला ऑफिस, सहकारी, रोजचा क्रम आयता मिळतो. घरी राहिलेल्या बायकोची किंवा नवऱ्याची मंगळवारची सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ कशी जाईल, यावर संसार तिथे रुजतो की नाही हे ठरते.

तरी पैशाचा हिशेब आधी उरकू. ओमानचा एक रियाल म्हणजे साधारण पावणेदहा सौदी रियाल. दोन्ही चलने डॉलरला बांधलेली असल्यामुळे हे प्रमाण हलत नाही. म्हणजे मस्कतचे १,००० आणि रियाधचे ९,७५० जवळजवळ सारखेच. पगारावर आयकर आज दोन्हीकडे नाही. ओमानने २०२८पासून वर्षाला ४२,००० रियालांच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के कर जाहीर केला आहे. आपल्यातल्या बहुतेकांना तो लागणार नाही. खरेदीवरचा व्हॅट मात्र सौदीत १५ टक्के आहे आणि ओमानात ५. सौदीत आणखी एक खर्च आहे, जो ऑफर लेटरमध्ये बहुधा दिसत नाही. कुटुंबातल्या प्रत्येक आश्रित व्यक्तीमागे महिन्याला ४०० रियाल शुल्क भरावे लागते. २०१७मध्ये ते १०० होते, दरवर्षी वाढत २०२०मध्ये ४००वर पोहोचले. बायको आणि दोन मुले म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. काही कंपन्या ते भरतात, काही भरत नाहीत. एचआरला हा प्रश्न थेट विचारा. संकोच करू नका.

आता त्या मंगळवारकडे येऊ. दहा वर्षांपूर्वी ऐकलेल्या रियाधच्या गोष्टी आता बऱ्याच जुन्या झाल्या आहेत. २०१६मध्ये धार्मिक पोलिसांचे अटकेचे अधिकार काढून घेतले गेले. २०१८च्या एप्रिलमध्ये चित्रपटगृहे उघडली, जूनमध्ये बायका गाडी चालवू लागल्या. परदेशी स्त्रीला अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा अंगभर झगा, सक्तीचा राहिलेला नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे पुरतात, सलवार-कुडत्यात काहीच अडत नाही. नमाजाच्या वेळी दुकानांची शटर पडायची, तेही २०२१पासून सैल झाले. आणि २०२४च्या डिसेंबरात मेट्रो सुरू झाली: सहा मार्ग, ८५ स्थानके. ज्या शहरात ड्रायव्हरवाचून बाई घराबाहेर पडू शकत नव्हती, तिथे ती एकटी तिकीट काढून जाते-येते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

पण रियाध अफाट पसरलेले आहे. ओळखीचे मराठी घर शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि मधल्या रस्त्यांवर प्रचंड गर्दी. कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या भिंतीआतल्या वसाहतीत, घर मिळाले तर आत पोहण्याचा तलाव, खेळायला जागा, शेजार, सगळे असते, पण भाडे जबर. बाहेरच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचे दार उघडलेले क्वचितच दिसते. सौदी घरांचा खासगीपणा उंच भिंतींमागचा असतो, त्यात तुमच्याविषयी राग नसतो.

मस्कत त्या मानाने लहान, समुद्र आणि उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत लांबवर पसरलेले. रुवी, दारसेत, वादी कबीर, घुब्रा इथे आपली माणसे पिढ्यान् पिढ्या आहेत. वाण्याशी हिंदीत बोलता येते, साडी नेसून बाजारात गेलात तर कोणी वळून पाहत नाही. संध्याकाळी मुत्राहच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, सहज फिरता येते. अडचण वाहनाची. मवासलात या सरकारी कंपनीच्या बस आहेत, पण गाडीवाचून हात बांधलेलेच, आणि भारतीय लायसन्स इथे चालत नाही. आधी मांडून ठेवलेल्या ड्रमांच्या मधून गाडी मागे घेण्याची परीक्षा, मग चढाची, मग रस्त्यावरची. यात महिने जातात, म्हणून पोहोचल्या-पोहोचल्या दोघांनीही शिकवणीला नाव घालावे. उन्हाळा दोन्हीकडे कठीण, फक्त रियाधचा कोरडा आणि मस्कतचा दमट. मुंबई-कोकणातल्यांना घाम सवयीचा असतो, तरी जूनमधले मस्कत त्यांनाही जड जाते.

दोन शहरांतला सर्वांत मोठा फरक मला देवाधर्मात दिसतो. सौदीत मुस्लिमेतरांना सार्वजनिक उपासनेला जागा नाही. देऊळ नाही, उत्सवाचा मांडव नाही. घरात, दारे लावून केलेल्या पूजेला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण आवाज भिंतीपलीकडे जाता कामा नये. गणपती बसवणारी घरे रियाधमध्येही आहेत. मूर्ती लहान, आरती हळू आवाजात, विसर्जन बादलीत. मस्कतमध्ये राजवाड्यापासून जवळच जुने शिवमंदिर आहे, दारसेतला कृष्णमंदिर आहे, आणि महाशिवरात्रीला रांग लागते. ओमानी समाज धार्मिकच आहे, पण तिथला इबादी हा सुन्नी-शियांहून वेगळा इस्लामी पंथ आणि कच्छ-गुजरातशी शतकांचा व्यापार यांमुळे परक्याच्या श्रद्धेला तिथे जागा मिळाली. खिमजी रामदास घराण्याचे कनकसी खिमजी यांना तर सुलतानांनी शेख ही पदवी दिली होती. महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव होतो. वर्गणी मात्र परवानगीवाचून गोळा करायची नसते. बिनपरवाना निधीसंकलन हा तिथे गुन्हा आहे.

हे लिहायला जड जाते, पण वृद्ध आईवडिलांना जवळ ठेवायचा विचार असेल तर हेही माहीत हवे. सौदीत दहनाची सोय नाही, पार्थिव भारतात न्यावे लागते. ओमानात सोहारला हिंदूंची स्मशानभूमी आहे. मुंबईहून मस्कतचे विमान तीन तासांच्या आत पोहोचते, रियाधला त्याहून तास-दीड तास जास्त लागतो.

कायद्याच्या चौकटीत दोन्ही देश मला सारखेच कडक वाटतात. ओमान मवाळ म्हणून गाफील राहू नका. लग्नाबाहेरचे सहजीवन आणि समलैंगिक संबंध दोन्हीकडे गुन्हा. परवानगीवाचून कुणाचा, विशेषतः बायकांचा, फोटो काढू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला शिवीगाळ केली तरी प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. रमजानात दिवसा चारचौघांत खाणे-पिणे बंद, पाणीसुद्धा. इफ्तारच्या आधीच्या तासात गाडी न काढलेली बरी. मद्याच्या बाबतीत तेवढा फरक आहे. ओमानात परवानाधारक हॉटेलांत ते मिळते आणि मुस्लिमेतरांना वैयक्तिक परवाना काढता येतो. सौदीत सामान्य रहिवाशाने तो विषय मनातून काढून टाकावा. आणि आईने प्रेमाने बांधून दिलेले अनारसे सामानातून काढून ठेवा. खसखस सौदीत अमली पदार्थांत धरली जाते. ओमानलाही ती नेऊ नये. कोडीन किंवा ट्रामाडॉल (अफूच्या जातीची वेदनाशामके) असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि आधी नियम तपासूनच न्यावीत.

शाळेची चिंता दोन्हीकडे कमी. सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत, वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणून परतल्यावर मुलांचे वर्ष वाया जात नाही. रियाधच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूलमध्ये मुलामुलींचे विभाग वेगळे आहेत. ओमानात अशा वीसहून अधिक शाळा आहेत, सर्वांत जुनी इंडियन स्कूल मस्कत १९७५ची. मराठी दोन्हीकडे घरातच टिकवावी लागते.

नोकरीच्या बाबतीत मात्र पारडे रियाधकडे झुकते. तिथे कामे मोठी, कंपन्या अनेक, एक सुटली तर दुसरी मिळण्याची शक्यता जास्त. २०२१च्या सुधारणांनंतर बऱ्याच कामगारांना ठरावीक अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते आणि देशाबाहेर जाऊन परत येण्यासाठी लागणारा एक्झिट-रीएंट्री व्हिसाही स्वतः काढता येतो. घरकामगार आणि खासगी ड्रायव्हर यांना तो लाभ नव्हता. ओमानात देशाबाहेर जायला असा व्हिसा लागत नाही. करार संपल्यावर दुसरीकडे जायला जुन्या मालकाची एनओसी (ना-हरकत पत्र) मागण्याची जुनी अटही २०२१मध्ये गेली. पण बाजार लहान आहे आणि ओमानीकरणात एकेक पद स्थानिकांसाठी राखले जात आहे. चाळिशीनंतर मस्कतमध्ये नोकरी गेली तर दुसरी मिळणे अवघड, हे धरूनच चालावे. ग्रॅच्युइटीत ओमानचा २०२३चा कायदा उजवा आहे: प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा मूळ पगार. सौदीत पहिल्या पाच वर्षांना अर्धा-अर्धा महिना, त्यानंतर पूर्ण, आणि स्वतः राजीनामा दिलात तर दहा वर्षे होईपर्यंत त्यातही कपात.

म्हणून मुले नसलेल्या, दोघांनाही नोकरी करायची असलेल्या, चार-पाच वर्षांत घराचे कर्ज फेडायचे असलेल्या जोडप्याला मी रियाध सांगेन. फक्त आश्रित व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नव्हे, दुसऱ्याने आपली नोकरी वेगळी मिळवूनच जावे. शाळकरी मुले, अधूनमधून येणारे आईवडील आणि घरात चालत आलेले सणवार असतील, तर पगार थोडा कमी असला तरी मस्कत घ्या.

कुठेही जा, पदवी आणि विवाह प्रमाणपत्राचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी साक्षांकन, भारतातूनच करून न्या. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर ती आधी. सहीपूर्वी चार गोष्टी लेखी मागा: फॅमिली स्टेटस (कुटुंब आणण्याची मुभा) किती दिवसांत मिळणार, आश्रित शुल्क कोण भरणार, वर्षातून किती विमान तिकिटे, आणि वैद्यकीय विमा. सौदीत नोकरदार आणि त्याच्या कुटुंबाचा विमा ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, ओमानात करारात काय लिहिले आहे ते ओळ न् ओळ वाचा. ‘फॅमिली नंतर बघू’ असे तोंडी उत्तर मिळाले, तर तूर्त एकट्यानेच राहावे लागणार असे समजून पगाराचे गणित पुन्हा मांडा.