बेडक्याची तपासणी, सरकारी दवाखाना, रत्नागिरी जिल्हा: ३/५

तपासणी फुकट, यंत्र ट्रूनॅट. क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही कळतं. घोडं अडतं ते डबीपाशी. डबी हातात ठेवतात, सांगत कोणी नाही. मग लोक नुसती लाळ भरून देतात आणि जंतू सापडत नाहीत. जंतू बसलेले असतात फुप्फुसात, बहुधा वरच्या भागात, पोकळी पाडून. तिथून खोकून काढलेला घट्ट बेडका हवा, निदान २ मिली. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्याउठल्या, साध्या पाण्याने चूळ भरून. डबी माणसांपासून लांब भरावी; पावसात उघडी पडवी चालेल, बंद खोली नको. एक्स-रेत डाग दिसला तरी बेडका द्यायचाच, न्यूमोनियाचाही डाग तसाच दिसू शकतो.