बायसिकल रायडर बॅक: हातचलाखी करणाऱ्यांसाठीचा कॅट

पत्त्यांच्या जादूत प्रेक्षकाचे लक्ष हवे तिकडे वळवायचे, तर आधी ते पत्त्यांवरून उठावे लागते, आणि या कसोटीवर बायसिकल रायडर बॅक हा कॅट आजही मला सर्वांत उजवा वाटतो. बायसिकल ही छाप १८८५ पासून चालत आली आहे. पाठीवरची सायकलस्वार देवदूतांची लाल वा निळी नक्षी अमेरिकेत इतकी परिचयाची आहे, की तिथला प्रेक्षक तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहतही नाही. याउलट सोनेरी मुलाम्याचे महागडे कॅट बाहेर काढताच 'हे कुठून आणले?' असा प्रश्न येतो, आणि नेमकी नको तिथे नजर खिळते.

पत्त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात. त्यांत राहणाऱ्या हवेमुळे पत्ते एकमेकांवरून सहज सरकतात. या गुणाची वाखाणणी बहुतेक जण पंखा सुंदर उघडतो म्हणून करतात. मला मात्र त्याचे खरे मोल वेगळे वाटते. जादूगार जिकडे पाहतो तिकडेच प्रेक्षक पाहतो, त्यामुळे डबल लिफ्ट करताना, म्हणजे दोन पत्ते एकच असल्याप्रमाणे उचलताना, त्याला स्वतःच्या बोटांकडे डोकावावे लागले, तर पुढचे सारे बोलणे वाया जाते. पत्ते भरवशाने सरकत असतील, तर त्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहून प्रश्न विचारता येतो, आणि समोरचा उत्तरासाठी मान वर करतो त्या क्षणी, हात पुढे नेण्याच्या मोठ्या हालचालीआड हातातला पत्ता गड्डीवरच्या पत्त्याशी बदलण्याची छोटी हालचाल दडून जाते. जादूगार टोनी स्लायडिनी टेबलाशी बसून प्रयोग करताना पुढे झुकून ताण निर्माण करत आणि मागे रेलताना, प्रेक्षकही सैलावला की, गुप्त काम उरकून घेत. असा क्षण साधायचा, तर हात अडखळून चालत नाही. पाठीची पांढरी किनारही उपयोगी पडते, कारण मध्येच उलटा ठेवलेला पत्ता, गड्डी किंचित पसरली तरी, तिच्यामुळे उघडा पडत नाही.

आपल्याकडे मात्र या कॅटचा साधेपणा निम्माच कामी येतो. रमी किंवा मेंढीकोटला नेहमी वापरले जाणारे पत्ते ओळखीचे असल्याने हा परदेशी कॅट पाहताच मंडळींना तो 'जादूचा' वाटतो. म्हणून तो आधी त्यांच्याच हाती पिसायला द्यावा, जमल्यास एखादा डाव खेळू द्यावा आणि संशय ओसरल्यावरच प्रयोगाला हात घालावा. कागदी पत्ते कोकणच्या पावसाळ्यात ओलावा धरून वाकतात, ही दुसरी अडचण. त्या दिवसांत सरावाला जुना कॅट ठेवून प्रयोगासाठी नवा फोडणे बरे.