स्टाफ एंगेजमेंट: वर्षातून एकदा मोठा सर्व्हे की दर तीन महिन्यांनी छोटा?

हल्ली ओळखीतल्या दोन-तीन हॉस्पिटलच्या क्वालिटीवाल्यांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल, दीडशेच्या आसपास बेड. एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) फाईलला कर्मचारी समाधानाचा आकडा लागतो हे तुम्हाला माहितीच आहे आणि तो कसाही काढता येतो. मी बोलतोय ते एंगेजमेंटबद्दल, म्हणजे वॉर्डातल्या माणसांचं मन खरंच कामात आहे का हे कळण्याबद्दल, आणि कळल्यावर काहीतरी बदलण्याबद्दल. आम्ही आधी बाहेरच्या एजन्सीचा वार्षिक सर्व्हे केला, नंतर घरचा छोटा सुरू केला. खर्चाचं लिहीत नाही, कोटेशन मागवलं की कळेलच.

मोठ्या सर्व्हेचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. गॅलप या अमेरिकन सर्व्हे कंपनीचे १२ प्रश्न बघा, त्यात "खूश आहात का" असलं काही नाही, कामाला लागणारं सामान मिळतं का, गेल्या सात दिवसांत कुणी कामाचं कौतुक केलं का, असे रोजच्या ड्युटीतले प्रश्न आहेत. विचार करून बनवलेली गोष्ट आहे. पण त्यावर त्यांचा कॉपीराइट आहे, झेरॉक्स काढून वाटता येत नाही, त्यामुळे एजन्सी बहुतेक वेळा आपापला फॉर्म आणतात, आमच्याकडे आला तो चाळीसएक प्रश्नांचा होता. रिपोर्ट मात्र देखणा, डिपार्टमेंटवार रंग लावलेला, ट्रस्टींपुढे ठेवला की त्यांना दोन मिनिटांत कळतं. आणि दुसऱ्या हॉस्पिटलांशी तुलना होते, ती घरच्या सर्व्हेत कधीच होणार नाही.

आता जे मला खटकलं ते. फॉर्म मोबाईलवर होता आणि उघडायला ओटीपी लागायचा. एजन्सीचं म्हणणं की एका माणसाने दोनदा भरू नये म्हणून, नावं आम्ही कुणाला देत नाही, आणि ते खोटं बोलत होते असं मला अजिबात वाटत नाही, पण ज्या सिस्टरला पुढच्या वर्षी एक्सपीरियन्स लेटर मॅट्रनच्या सहीने घ्यायचंय तिने स्वतःचा नंबर टाकून "माझे वरिष्ठ माझं ऐकतात" यापुढे "अजिबात नाही" का लिहावं? त्यात पुढच्या पानावर डिपार्टमेंट, हुद्दा, वय, नोकरीची वर्षं. डायलिसिसला आमच्याकडे चार टेक्निशियन, त्यात बाई एकच, म्हणजे नाव लिहायची गरजच राहिली नाही. छोट्या गटाचे निकाल वेगळे दाखवत नाही असं एजन्सीने सांगितलं होतं, पण ते आम्हाला ऑफिसात सांगितलं होतं, नाईटला बसून फॉर्म भरणाऱ्याला कोण सांगणार. व्हायचं तेच झालं, ज्या वॉर्डात रोज भांडणं त्याच वॉर्डाला सगळीकडे पाचपैकी चार आणि पाच. सगळं हिरवंगार. तो रिपोर्ट घेऊन मी त्या वॉर्डात गेलो तेव्हा इन्चार्ज सिस्टर काही बोलल्या नाहीत, फक्त बघत राहिल्या, आणि माझ्यापुरतं तिथेच ठरलं. शिवाय हाऊसकीपिंगच्या मावशी आणि मामा कॉन्ट्रॅक्टवर, आमच्या पगारपत्रकावर नाहीत, म्हणून त्यांना लिंकच गेली नव्हती. पेशंटजवळ दिवसभर असणारी माणसंच मोजणीत नाहीत.

छोट्या सर्व्हेसाठी आम्ही इंग्लंडच्या एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, नऊ प्रश्न मराठीत करून घेतले. त्यांचा स्टाफ सर्व्हे २००३ पासून दर वर्षी होतो आणि एंगेजमेंटचा ० ते १० चा आकडा या नऊ प्रश्नांवरून काढतात. तीन प्रश्न कामाच्या उत्साहाचे, तीन आपल्या सूचनेला किंमत आहे का याचे, तीन हॉस्पिटलबद्दलच्या भरवशाचे. प्रामाणिकपणे सांगायचं तर एनएचएस स्वतः मोठा वार्षिक सर्व्हे करतंच, त्यांचा पसाराच तेवढा आहे, मधल्या तिमाहींत मात्र हेच नऊ प्रश्न विचारतात. आम्ही फक्त तेवढंच उचललं. कागदावर, नाव नाही, हुद्दा नाही, वय नाही, फक्त मजला. चेंजिंग रूममध्ये पेटी. ज्यांना वाचायला जड जातं त्यांना दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी वाचून दाखवतं. मावशी-मामा सगळे धरून. नऊपैकी मी सगळ्यात आधी बघतो तो शेवटचा, आपल्या घरच्या माणसाला इथे ॲडमिट करायची वेळ आली तर इथल्या उपचारांवर समाधानी राहाल का. तिथे "नाही" आलं की बाकीचे आठ नंतर.

पण नुसतं मोजून काय. अमेरिकेतल्या आयएचआय या संस्थेने २०१७ मध्ये कामातल्या आनंदावर एक पेपर काढला होता, त्यातली पद्धत साधी आहे, आधी माणसांना विचारा की तुमच्यासाठी महत्त्वाचं काय, मग त्यात रोज टोचणारे चपलेतले खडे कुठले ते शोधा, आणि एकेक काढा. आम्ही पेट्या उघडल्या की प्रत्येक मजल्यावर अर्धा तास बसतो. पहिल्या बैठकीला मला वाटलं पगार निघेल, तो निघालाच, पण जोर होता ड्युटी चार्टवर. सोमवारपासूनचा चार्ट रविवारी संध्याकाळी लागायचा, म्हणजे पोराच्या शाळेचं, गावी जायचं, कशाचंच नियोजन नाही. आता पुढच्या महिन्याचा चार्ट २५ तारखेला लागतो. नंतर दोन वॉर्डांत मिळून एक बीपी ॲपरेटस होतं ते, मग रात्री सॅम्पल लॅबला कोण नेणार ते. पगाराचं माझ्या हातात नाही हे स्पष्ट सांगितलं, आणि काय झालं काय नाही ते पेटीच्या वर कागदावर लावतो.

याने फरक पडला का? मला तरी वाटतं पडला. ऐनवेळी फोन करून "आज येत नाही" म्हणणारे कमी झाले, आणि औषध देताना चूक होता होता टळली अशा प्रसंगांच्या नोंदी वाढल्या, म्हणजे लोक लपवायचे ते आता लिहितात. राजीनाम्यांवरून मात्र काही ठरवू नका, आपल्याकडे चांगली सिस्टर नॉरसेट (एम्सच्या नर्सिंग भरतीची परीक्षा) निघाली की एम्सला जाणारच, कुणी गल्फला जाईल, तिचं मन तुमच्याकडे कितीही रमलेलं असलं तरी.

तोटेही आहेत. सगळं काम आपल्याच डोक्यावर येतं. एका मजल्यावर वीसपंचवीस कागद, त्यात दोघांचा मूड खराब असला तरी आकडा हलतो, म्हणून दशांश वगैरे काढत बसू नये. आणि विचारून काहीच केलं नाही तर न विचारलेलं बरं, पुढच्या वेळी पेटी रिकामी मिळते.

तुमची चारपाच शहरांत हॉस्पिटलं असतील, हजारभर स्टाफ असेल तर मोठा सर्व्हे घ्याच, तिथे पेटी पुरणार नाही. तेव्हाही एजन्सीला ओटीपी काढायला लावा, सगळ्यांना एकच लिंक द्या, दोनचार डबल फॉर्म आले तर येऊ देत, आणि कॉन्ट्रॅक्टची माणसं यादीत घ्या. दोनतीनशे बेडपर्यंत मात्र मी तरी छोट्यानेच सुरुवात करा म्हणेन. एक राहिलं, बैठक घ्यायला त्या मजल्याची इन्चार्ज नको आणि एचआर पण नको. आमच्याकडे फिजिओच्या मॅडम घेतात, कारण त्यांच्या हातात ना कुणाचा ड्युटी चार्ट ना कुणाचं अप्रेझल, त्यांच्यासमोर मावशीसुद्धा मोकळेपणाने बोलतात.