हेडर रॅप: आठ महिन्यांनंतर एक पाइप उघडून पाहिला

टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा ४-२-१ हेडर (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणारे चार पाइप, जे आधी दोन आणि मग एक होतात) आणि त्यावर उष्णता अडवायला गुंडाळलेली ५० मिमी रुंदीची 'टायटॅनियम' पट्टी, म्हणजेच रॅप. आठ महिने रोजचा वापर, त्यात एक अख्खा पावसाळा. बॉनेटखालची उष्णता कमी झाली का? झाली. पण सगळीकडे सारखी नाही, आणि फुकट तर नाहीच.

आधी नावाचा घोळ. या पट्टीत टायटॅनियम धातू नसतो. बेसाल्ट, म्हणजे साधा काळा कातळ, वितळवून त्याचे धागे ओढतात आणि विणतात. फायबरग्लासच्या साध्या पट्ट्या साधारण ५४० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात असं पाकिटावर लिहिलेलं असतं. जोर लावून चालवताना इंजिनाच्या हेडजवळचा पाइप त्या मर्यादेला सहज भिडतो. मग फायबरग्लास ठिसूळ होतं, हात लावला की भुगा पडतो. मागच्या पाइपला ते चालेल, हेडरला बेसाल्टच घ्यावी.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. पाइप बाहेरून ४२ मिमी आणि वेढ्यावर वेढा ६ मिमी चढवला, तर प्रत्येक वेढा ४४ मिमी पुढे सरकतो आणि सुमारे १४ सेंमी पट्टी खातो. म्हणजे मीटरभर पाइपला सव्वातीन मीटर. ४५ सेंमीचे चार पाइप सहा मीटरच्या आत आटोपतात. १५ मीटरच्या रोलमध्ये जोडाचा भाग आणि पुढचा पाइपही निघतो. 'अर्धी पट्टी अर्धीवर' असा जाड थर देऊ नका. बाहेर फरक थोडाच पडतो, आतला पाइप मात्र जास्त भाजतो.

हेडर गाडीवरच ठेवून गुंडाळायचा मोह टाळा. मागच्या बाजूला हात पोचत नाही, ताण सुटतो, आणि सगळं काम ताणावरच आहे. हेडर उतरवला की नवं गॅस्केट आलंच. पाइप वायर ब्रशने घासून थिनरने पुसायचा. सुरुवात खालच्या टोकाकडून करून वर जायचं, म्हणजे वेढे कौलांसारखे बसतात आणि उडालेलं पाणी आत न शिरता ओघळतं. पहिला वेढा स्टीलच्या टायने आवळायचा, पट्टी सतत ओढून धरायची आणि पाइप फिरवायचा. बाकात खरी परीक्षा असते: आतल्या बाजूला पट्टी गोळा होते, बाहेरच्या बाजूला फाकते. म्हणून ६ मिमीचं माप नेहमी बाहेरच्या वळणावर बघायचं. एका बाकात इथे कसर राहिली होती. दोन महिन्यांत थरथरीने वेढा सरकला आणि बोटभर पाइप उघडा पडला.

फायबरग्लास ओलं करून गुंडाळतात, कारण त्याचे तुकडे हवेत उडतात आणि कातडीत रुततात. बेसाल्ट कोरडी बसते. हातमोजे, लांब बाह्या, चष्मा आणि मास्क दोन्हींना हवेतच. ऑक्सिजन सेन्सरभोवती (धुरातला ऑक्सिजन मोजणारा, पाइपात बसवलेला) बोटभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर त्याची वायर आणि सील शिजतात. फ्लेक्स जॉइंट (पाइपातला लवचिक जोड) आणि फ्लॅंजचे (पाइपाच्या टोकाच्या जोडपट्टीचे) नट झाकू नका.

पहिल्यांदा इंजिन तापलं की बॉनेटखालून धूर निघतो. विणताना लागलेलं तेल जळतं, घाबरायचं कारण नाही. गाडी उघड्यावर उभी करून दहा-पंधरा मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. मग थंड इंजिनावर हेडरचे नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पुन्हा तपासा, हमखास एखादा ढिला निघतो.

फरक कुठे जाणवला? ट्रॅफिकमध्ये. उभ्या गाडीत इनटेकच्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान पूर्वी झपाट्याने चढायचं, आता रेंगाळत चढतं. प्लगच्या केबलची टोपणं आणि शेजारचा कूलंटचा होज पूर्वीसारखे चटके देत नाहीत. हायवेवर आकड्यांत फरक दिसत नाही, कारण समोरून येणारी हवाच उष्णता वाहून नेते. पिकअप वाढला म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. आणि उष्णता नाहीशी होत नाही, पुढे सरकते: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू निवळणारा डबा) लवकर तापतो आणि त्याच्यावरचा फ्लोअर जास्त गरम लागतो. तिथली हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढली असेल तर आधी ती बसवा.

आता किंमत. आठ महिन्यांनी एक पाइप सोडला. सरळ भाग निळसर-तपकिरी पण ठणठणीत, वेल्डच्या कडांना मात्र गंजाचे ठिपके. ३०४ स्टेनलेस ४२५ ते ८१५ अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिलं की क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंज रोखायला कमी उरतं. रॅप पाइपला त्याच पट्ट्यात जास्त वेळ ठेवतो, वर ओल धरतो. गंमत म्हणजे हे टाळणाऱ्या ३२१ ग्रेडमध्ये खरंखुरं टायटॅनियम असतं.

माइल्ड स्टीलच्या हेडरवर रॅप करूच नका, पपडी सुटून भोक पडतं. त्याला सिरॅमिक कोटिंग बरं. कास्ट आयर्न मॅनिफोल्डलाही (हेडरच्या जागी असणारा ओतीव लोखंडाचा भाग) नको, तो तडकू शकतो. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट पाझरत असेल तर आधी ते बदला. तेल प्यालेली पट्टी म्हणजे गरम पाइपभोवतीची वात. इथे सोडलेल्या पाइपवर नवी पट्टी चढवली आहे, कारण एकदा तापून कडक झालेली पट्टी परत ताणून बसत नाही, घडीवरच तुटते.