चार व्हॉल्व्हचा लिनिअर तीनवर: सात महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या लिनिअरमधलं, म्हणजे हौशी (हॅम) रेडिओच्या सिग्नलची पॉवर वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरमधलं, एक सॉकेट सात महिन्यांपासून रिकामं आहे. आत ८११ए जातीचे चार व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) लागतात, सध्या तीनच आहेत. "असा चालवला तर चालतो का?" हे मला इतक्यांनी विचारलंय की एकदा सविस्तर लिहून टाकतो. थोडक्यात उत्तर: चालतो. पण चार व्हॉल्व्हचा समजून चालवलात तर उरलेले तीनही घालवून बसाल.

सुरुवात अशी झाली. एके सकाळी सीडब्ल्यूवर (मोर्स कोडमध्ये) की दाबली तर आउटपुट जवळजवळ शून्य. रिगने (रेडिओ संचाने) एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या पॉवरचं मोजमाप, जास्त दाखवून आपली पॉवर स्वतःच खाली आणली. पहिला संशय रिलेवर, दुसरा कोॲक्स केबलवर. दोन्ही निर्दोष निघाले. शेवटी चारही व्हॉल्व्ह बाहेर काढून पिन १ आणि पिन ३, म्हणजे फिलामेंट (तापणारी तार) आणि ग्रिड (तिच्याभोवतीची जाळी), यांच्यात मीटर लावला. तिसरा व्हॉल्व्ह आडवा धरून नखाने टिचकी मारली की काटा उडायचा. फिलामेंटची तार लोंबून ग्रिडला टेकत होती. ग्राउंडेड ग्रिड नावाच्या या जोडणीत ग्रिड जमिनीलाच असते, त्यामुळे रिगमधून आलेला सगळा ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) सरळ जमिनीला जात होता. बाकीच्या तिघांचा काही दोष नव्हता.

नवा व्हॉल्व्ह मिळेपर्यंत थांबायचं की तिघांवर चालवायचं? इथे एक गोष्ट सांगतो, कारण गिटारचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे मित्र लगेच म्हणतात, "एक काढलास तर जोडीचा दुसराही काढ." त्यांच्याकडे ते बरोबर आहे, कारण तिथे लाटेचा अर्धा-अर्धा भाग वाटून घेणाऱ्या पुश-पुल जोड्या असतात. आपल्या लिनिअरमध्ये सगळे व्हॉल्व्ह समांतर जोडलेले असतात आणि अर्ध्या लाटेचं उरलेलं काम टँक सर्किट (आउटपुटची कॉइल आणि कपॅसिटर) सांभाळतं. त्यामुळे चाराचे तीन झाले तरी तोल वगैरे काही जात नाही. फक्त माणूसबळ कमी होतं.

व्हॉल्व्ह काढला, पण त्याच्या डोक्यावरची प्लेट कॅप (प्लेटला, म्हणजे करंट गोळा करणाऱ्या पत्र्याला, जोडणारी टोपी) तशीच लोंबकळत ठेवायची नाही. हे ठळक अक्षरांत वाचा. त्या कॅपवर माझ्याकडे विनालोड १७०० व्होल्ट असतात. मी प्लग काढला, एचव्हीचा (हाय व्होल्टेजचा) काटा शून्यावर येईपर्यंत थांबलो, वर अर्थच्या दांडीने कपॅसिटर डिस्चार्ज केले आणि मग ती तार पॅरासिटिक सप्रेसरसकट (नको ती आंदोलनं दाबणाऱ्या छोट्या भागासकट) मुळापासून सोडवली. टेप गुंडाळून बाजूला सारणारेही पाहिलेत. त्या टेपवर माझा विश्वास नाही.

रिकामी जागा कुठे ठेवायची हेही ठरवता येतं. सॉकेटं समांतर असल्याने कोणतंही रिकामं ठेवलं तरी चालतं. पंख्यापासून सर्वांत लांबचं सॉकेट सगळ्यात जास्त तापायचं, म्हणून मी तेच रिकामं ठेवलं आणि चांगला व्हॉल्व्ह पंख्याकडे आणला. ३-५००झेड जातीचे व्हॉल्व्ह वापरणाऱ्यांनी मात्र सावध राहा. तिथे हवा खालून सॉकेटमधून चिमणीत चढते. एक सॉकेट उघडं राहिलं की हवा सोप्या वाटेने तिथूनच निघून जाते आणि चालू व्हॉल्व्ह गुदमरतो. ते भोक झाकावंच लागतं.

आता फिलामेंट. या भागाकडे बहुतेकजण बघतच नाहीत. एक ८११ए ६.३ व्होल्टवर ४ ॲम्पियर खातो. चौघांचे १६, तिघांचे १२. ट्रान्सफॉर्मरवरचा भार हलका झाला की व्होल्टेज वर सरकणारच. सॉकेटच्या पिनांवर मोजलं: चार असताना ६.२५, तीन असताना ६.४५. पाच टक्क्यांची मर्यादा ६.६ पर्यंत जाते, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण अशा थोरिएटेड (थोरियम मिसळलेल्या) टंगस्टनच्या फिलामेंटबाबत जुनी मोजदाद अशी आहे की व्होल्टेज ३ टक्के वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. माझी वाढ नेमकी तेवढीच होती.

०.२ व्होल्ट उतरवायचे, करंट १२ ॲम्पियर, म्हणजे रोध हवा साधारण ०.०१७ ओहम. असा रेझिस्टर शोधत बसण्यात अर्थ नव्हता. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे जवळपास तेवढाच असतो. ट्रान्सफॉर्मर आणि फिलामेंट चोक (सिग्नलला ट्रान्सफॉर्मरकडे जाऊ न देणारी कॉइल) यांच्यामध्ये एक मीटर तार टाकली, पुन्हा ६.२५. तार अडीच वॉट खाते आणि हाताला कोमट लागते. सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त समाधान या एका तारेने दिलं, हे कबूल करतो.

पहिल्या दिवशी मात्र चूक केलीच. ट्यून आणि लोडचे नॉब (टँकचे दोन कपॅसिटर फिरवणारे) पेन्सिलच्या जुन्या खुणांवर ठेवले आणि ड्राइव्ह नेहमीचा ५० वॉट दिला. मिनिटभरात प्लेटांवर लाली चढली आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरून एकाने कळवलं, "तुमचा सिग्नल इथपर्यंत पसरतोय." कारण साधं आहे. प्लेट करंट कमी झाला की व्हॉल्व्हना समोर हवा असलेला लोड, म्हणजे रोध, वाढतो. माझ्याकडे १५०० व्होल्ट आणि ५०० मिलिॲम्पियरला तो १६५० ओहमच्या आसपास होता. ३७५ मिलिॲम्पियरला तो २२०० च्या घरात जातो. जुन्या खुणांवर टँक अजूनही चौघांना शोभेल असाच लोड देत होता. तिघं त्यात करंट ओतत राहिले, कार्यक्षमता घसरली आणि उरलेलं सगळं उष्णता म्हणून प्लेटांवर आलं.

डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) दोन संध्याकाळी घालवून नव्या खुणा केल्या. लोडचा कपॅसिटर प्रत्येक बँडवर आधीपेक्षा जास्त आत गेला, म्हणजे जोडणी सैल झाली. ट्यूनचा फरक ८० मीटरला शोधूनही सापडत नाही. १० मीटरला तो दिसतो, कारण गेलेल्या व्हॉल्व्हबरोबर त्याचे सहाएक पिकोफॅरडही गेले आणि ते ट्यूनच्या कपॅसिटरने भरून द्यावे लागतात.

ड्राइव्हचा हिशोब सरळ आहे: पाऊणपट. ५० चे ३७-३८ वॉट. ग्रिड करंटही त्याच प्रमाणात. पूर्वी १५० मिलिॲम्पियरला मी हात आखडायचो, आता ११० च्या पुढे जाऊ देत नाही. मीटरवरची लाल रेघ चौघांसाठी आखलेली आहे, ती तिघांना वाचवत नाही. रिग की दाबताक्षणी पूर्ण पॉवरचा एक झटका सोडत असेल तर तोही आधी तपासा. माझी थोडी सोडते, म्हणून एएलसीवर (पॉवर आपोआप आवरणाऱ्या सोयीवर) न विसंबता पॉवरचा नॉबच खाली ठेवतो. इनपुट इम्पीडन्सही (रिगला दिसणारा रोध) एक-तृतीयांशाने वाढतं. माझ्या रिगच्या ट्यूनरने (जुळवणी करणाऱ्या सर्किटने) ते निमूटपणे सांभाळलं. ट्यूनर नसेल तर इनपुटच्या कॉइल पुन्हा जुळवाव्या लागतील.

आणि हवेत काय फरक पडला? सीडब्ल्यूवर पूर्वी ४८० वॉट मिळायचे, आता ३६०. ऐकायला मोठी घट वाटते, पण ती सव्वा डेसिबल आहे. एस-मीटरचा एक घर म्हणजे ६ डेसिबल. रोज सकाळी रेडिओवर भेटणाऱ्या एका ज्येष्ठ हॅमना मी महिनाभर काही बोललोच नाही. शेवटी विचारलं, "काका, माझ्या सिग्नलमध्ये काही बदल वाटतो का?" ते म्हणाले, "हो, आवाज जरा बसलाय तुझा. सर्दी झालीय का?" सर्दी खरोखरच होती. व्हॉल्व्हचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दूरच्या स्टेशनांवर, गर्दीत, कधी कधी वाटतं की तो सव्वा डेसिबल असता तर पहिल्या हाकेला उत्तर आलं असतं. पण ते वाटणंच आहे. अँटेनाचा एक गंजलेला जोड स्वच्छ केला तेव्हा मला याहून जास्त परत मिळालं.

हे सगळ्याच लिनिअरना लागू नाही. फिलामेंट सिरीजमध्ये असतील तर एक काढला की बाकीचेही विझतात, तिथे प्रश्नच मिटतो. दोन व्हॉल्व्हच्या सेटमध्ये एक काढला तर पॉवर अर्धी होते आणि लोड, इनपुट दोन्ही दुप्पट सरकतात. नॉब तेवढा पल्ला गाठतीलच असं नाही. तिथे मी नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत रिगवरच काम भागवलं असतं. आणि "त्या जागी ५७२बी बसव, बेस तोच आहे" असा सल्ला मिळेल. बेस तोच, फिलामेंटही तेच, पण तीन ८११ए मध्ये एक ५७२बी मिसळला तर करंटची वाटणी सारखी होत नाही. बदलायचे तर चारही बदला.

नवा ८११ए दोन महिन्यांपूर्वी आला. एकेक व्हॉल्व्ह एकटा लावून विनासिग्नल करंट मोजला. जुने तीन २४, २२ आणि २३ मिलिॲम्पियर. नवा ३१. तो बसवला तर भार सगळ्यात जास्त तोच उचलेल आणि जुने तिघं त्याच्या आडोशाला बसतील. तर त्याला खोक्यात परत ठेवलाय. आणखी तीन मिळाले की सगळा संच एकदम बदलेन, आणि ती एक मीटर तार काढायला विसरू नये म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे.