जीपीआयबी, यूएसबी की लॅन: मापन उपकरण संगणकाला कशाने जोडावे?

टेबलावर मल्टिमीटर, पॉवर सप्लाय आणि ऑसिलोस्कोप आहेत, आकडे वहीत उतरवून कंटाळा आलाय आणि आता सगळे संगणकावरून चालवायचे आहे. अशा वेळी बहुतेक जण आधी विचारतात, 'सगळ्यात वेगवान कोणते?' माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे.

मल्टिमीटरच पाहा. आपल्या 50 हर्ट्झ विजेची गुणगुण रीडिंगमध्ये येऊ नये म्हणून तो किमान एक आवर्तन, म्हणजे 20 मिलिसेकंद मोजत बसतो. अचूक रीडिंग हवे तर दहा आवर्तने. उत्तर येते जेमतेम पंधरा-सोळा अक्षरांचे, आणि तेवढे 9600 बॉडच्या (सेकंदाला 9600 बिट) जुन्या सिरियल पोर्टवरूनही 20 मिलिसेकंदांच्या आत पोहोचते. ऑसिलोस्कोपचे गणित वेगळे. एक कोटी बिंदूंचा वेव्हफॉर्म (सिग्नलचा आलेख), प्रत्येक बिंदूला एक बाइट: सिरियलवर जवळपास तीन तास, साध्या जीपीआयबीवर (मापन उपकरणांसाठीची खास जुनी जोडणी) साधारण दहा सेकंद किंवा अधिक, 100 मेगाबिट लॅनवर कागदोपत्री सेकंदाच्या आत. प्रत्यक्षात बऱ्याच स्कोपचा आतला प्रोसेसरच आधी दमतो.

जीपीआयबीचा जन्म एचपी कंपनीतला. 1975 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने तो आयईईई 488 म्हणून प्रमाणित केला. 24 पिनांचा दणकट कनेक्टर, एकावर एक चढवता येणारा, स्क्रूने घट्ट बसणारा. संगणकासकट 15 उपकरणे, एकूण केबल 20 मीटरपर्यंत. पत्ता उपकरणातच सेट केलेला असतो, त्यामुळे आज 22 वर असलेला मीटर उद्याही 22 वरच. निरोप संपला हे सांगायला वेगळी तार, 'माझ्याकडे लक्ष द्या' म्हणायलाही वेगळी तार. पन्नास वर्षांपूर्वीचे हे डोके आजही पटते. खटकतो तो खर्च: केबल महाग, कंट्रोलर त्याहून महाग, आणि स्वस्तात मिळणाऱ्यांत नकली मालही असतो. नवी उपकरणे घेणाऱ्याने केवळ हौसेपोटी याच्या वाटेला जाऊ नये. मात्र जुना, उत्तम चालणारा एचपीचा 34401ए मल्टिमीटर हाताशी असेल तर एक अ‍ॅडॉप्टर घेणे नवा मीटर घेण्यापेक्षा परवडते.

यूएसबी एका टेबलासाठी ठीक. प्रिंटरसारखी केबल लावली की काम सुरू. नेहमीच्या केबलची मर्यादा साधारण 5 मीटर. पण यूएसबीची ग्राउंड तार संगणकाची आणि उपकरणाची जमीन एक करते. स्कोपची प्रोब-ग्राउंड आधीच अर्थला जोडलेली असते, त्यात लॅपटॉपचा चार्जर आला की मिलिव्होल्टचा सिग्नल बघताना ग्राउंड लूपची (जमिनीच्या तारांचे बंद वर्तुळ, ज्यातून नको असलेला करंट वाहतो) केसाळ रेघ दिसू लागते. चांगल्या बेंच मल्टिमीटरमध्ये मोजणारा भाग विजेच्या दृष्टीने अर्थपासून वेगळा राखलेला असतो, म्हणून तिथे हा त्रास कमी.

लॅनच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे शील्ड नसलेली केबल वापरली तर हा लूप तयारच होत नाही. शिवाय 100 मीटरपर्यंत अंतर आणि एका स्विचवर हवी तेवढी उपकरणे. नव्या प्रयोगशाळेसाठी माझे मत लॅनलाच. दोन गोष्टी सांभाळा. आयपी पत्ता कायमचा ठरवून द्या, नाहीतर राउटर बदलला की प्रोग्रॅम उपकरण शोधत बसेल. आणि स्विच ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवा, कारण 5025 पोर्टवर (उपकरण लॅनवरून आज्ञा ऐकते तो क्रमांक) सहसा पासवर्ड नसतो. पोहोचणारा कोणीही तुमचा पॉवर सप्लाय 30 व्होल्टवर नेऊ शकतो.

त्याच 5025 पोर्टची आणखी एक खोड आहे. तिथे निरोप संपल्याची खूण म्हणजे फक्त नव्या ओळीचे चिन्ह. वेव्हफॉर्मच्या बाइटांमध्ये नेमका त्या चिन्हाचाच आकडा (10) आला की वाचन अर्ध्यातच थांबते आणि माणूस केबलवर संशय घेतो. उपकरणात हायस्लिप (लॅनवरून उपकरणाशी बोलण्याची नवी पद्धत) असेल तर ते निवडा. त्यात निरोपाचा शेवट नीट कळतो.

प्रोग्रॅमची फार काळजी नको. पायथनमधली पायव्हिसासारखी लायब्ररी वापरली तर जोडणीचा प्रकार बदलताना बहुतेकदा पत्त्याची एक ओळ बदलते, बाकी आज्ञा त्याच. सिरियलवर मात्र बॉड, पॅरिटी (चूक ओळखायचा बिट) आणि हँडशेक (थांब-चालूच्या खुणा) जुळवण्यात संध्याकाळ जाऊ शकते. दुसरा पोर्टच नसेल तेव्हाच तिकडे वळा.

ऑर्डर देण्यापूर्वी मॉडेलचा मागच्या पॅनेलचा फोटो मागवा. काही स्वस्त मॉडेलांत फक्त यूएसबी असते आणि लॅनसाठी वरचे मॉडेल किंवा वेगळे कार्ड घ्यावे लागते.